हाताने तारा जोडलेले जुने सर्किट बोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात जुने रेडिओ, अँप्लिफायर आणि यंत्रमागावरचे काउंटर दुरुस्त करता करता माझ्याकडे हाताने तारा जोडलेले बरेच बोर्ड जमले. कुणी वडिलांचा पत्र्याचा डबा घेऊन येतं, कुणी भंगारात दिसलेल्या बोर्डाचा फोटो पाठवतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. घाईत असाल तर एवढं तरी लक्षात ठेवा: बोर्डाला लगेच वीज लावू नका, आणि एकही तार काढायच्या आधी फोटो घ्या.

हाताने जोडलेला बोर्ड नेमका कशाला म्हणायचं?

पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किट बोर्डावर, तांब्याचे ट्रॅक आधीच तयार असतात. आपण भाग बसवायचे आणि डाग द्यायचा, म्हणजे कथील वितळवून सांधायचं. हाताने जोडलेल्या बोर्डावर एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतची प्रत्येक वाट कुणीतरी तार कापून, सोलून, वाकवून केलेली असते.

हे बोर्ड जपायला मी का सांगतो, त्याचं कारणही यातच आहे. बनवणारा माणूस आधी वहीत सर्किट काढतो. मग प्रत्यक्ष चालवताना कुठेतरी अडतं, तो एक रेझिस्टन्स बदलतो, एक तार जास्तीची टाकतो, एखादा कंडेन्सर बोर्डाच्या मागच्या बाजूला चिकटवतो आणि यंत्र चालू लागतं. वही मात्र तशीच राहते. त्यामुळे शेवटचं, खरोखर चाललेलं सर्किट बोर्डावरच असतं. तारा उचकटल्या की ते गेलं.

माझ्याकडचा बोर्ड कोणत्या प्रकारचा आहे, कसं ओळखू?

उलटा करून बघा. पत्र्याच्या चेसिसच्या, म्हणजे सांगाड्याच्या, पोटात पितळी कानांच्या पट्ट्या असतील आणि रेझिस्टन्स, कंडेन्सर त्या कानांमध्ये टांगल्यासारखे असतील, तर ती टॅग स्ट्रिप. व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, रेडिओ बहुतेक असेच असतात. हायलमच्या (कागद आणि रेझिन दाबून केलेल्या टणक पत्र्याच्या) तपकिरी पट्टीवर दोन बाजूंना कानांच्या रांगा आणि मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे भाग असतील तर तो टॅग बोर्ड. जुन्या अँप्लिफायरमध्ये हमखास सापडतो.

सगळीकडे सारख्या अंतरावर भोकं आणि प्रत्येक भोकाभोवती तांब्याचा सुटा ठिपका असेल तर आपल्याकडे त्याला झिरो पीसीबी म्हणतात. भोकांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग, कारण आयसीच्या, म्हणजे एकाच तुकड्यात अख्खं सर्किट असलेल्या चिपच्या, पिनाही तेवढ्याच अंतरावर असतात. ठिपक्यांऐवजी तांब्याच्या सलग पट्ट्या असतील तर तो व्हेरोबोर्ड. तो इंग्लंडमधला, १९६०च्या आसपासचा. त्यात नको तिथे पट्टी ड्रिलच्या टोकाने तोडलेली असते. ही तोडलेली जागा मळ समजून कुणी डागाने भरतं आणि बोर्ड कायमचा शॉर्ट होतो. असे दोन बोर्ड माझ्याकडे आले होते.

पाठीमागे चौकोनी, लांब पिनांचं जंगल असेल आणि केसासारख्या तारा पिनांना गुंडाळलेल्या असतील, कुठेही डाग नसेल, तर तो वायर रॅप. त्याबद्दल पुढे सविस्तर.

ब्रेडबोर्ड हे नाव कुठून आलं?

सुरुवातीचे हौशी रेडिओवाले स्वयंपाकघरातल्या पाव कापायच्या फळीवर खिळे आणि स्क्रू ठोकून त्यांच्यात तारा ताणत. नाव तिथून आलं. आज मिळतो तो पांढरा, भोकांत वायर खुपसायचा बोर्ड १९७०च्या दशकात आला.

छापील बोर्ड होते, मग लोक हाताने का जोडत बसले?

छापील सर्किटचा प्रणेता म्हणून पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन इंजिनिअरचं नाव घेतात. पण छापील बोर्ड परवडतो तो शंभर-हजार नग काढायचे असतील तर. एकच नग, तोही अजून चालेल की नाही याची खात्री नसलेला, त्यासाठी आर्टवर्क काढा, फिल्म करा, फेरिक क्लोराइडमध्ये तांबं झिजवा, भोकं पाडा, आणि एक पिन चुकली की पुन्हा पहिल्यापासून. हाताने जोडलेल्या बोर्डावर तीच चूक एक तार इकडची तिकडे करून दोन मिनिटांत सुधारते.

मला यातलं एक उदाहरण फार आवडतं. हाताने तारा जोडायच्या कटकटीतून सुटका व्हावी म्हणून जॅक किल्बी यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये आयसीची कल्पना मांडली आणि १२ सप्टेंबर १९५८ रोजी पहिला आयसी चालवून दाखवला. जर्मेनियमचा तो छोटा तुकडा बघा: भागांना जोडणाऱ्या सोन्याच्या बारीक तारा वरून हातानेच चिकटवलेल्या आहेत.

वायर रॅपमध्ये डाग नसतो. मग तार सैल कशी होत नाही?

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, कारण नुसती गुंडाळलेली तार बघून विश्वासच बसत नाही. आपण घरात स्विचबोर्डला तार गुंडाळतो तसं हे नाही.

पिन गोल नसते, चौकोनी असते, जाडी साधारण ०.६४ मिलिमीटर, आणि तिच्या कडा धारदार असतात. तार ३० गेजची, म्हणजे पाव मिलिमीटर. टोकाची इंचभर सोलून ती हत्याराच्या भोकात घालायची, हत्यार पिनेवर बसवायचं आणि फिरवायचं. तार ताणली जात पिनेभोवती सात वेढे घेते. प्रत्येक वेढ्यात चार कोपरे, म्हणजे सात वेढ्यांत अठ्ठावीस ठिकाणी कड तारेत रुतते. रुतलेल्या जागी दाब इतका असतो की हवा आत जात नाही, त्यामुळे गंज चढत नाही. सगळ्यात खालचा एखादा वेढा इन्सुलेशनसकट घेतात. तार हलली तर तो धक्का सोललेल्या भागापर्यंत पोचत नाही. भिंगाखाली एकदा नीट बघा, वेढे एकमेकांना चिकटून, एकाच पातळीत, पण एकावर एक न चढलेले दिसले तर बनवणाऱ्याचा हात चांगला होता.

बेल लॅब्ज आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपन्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी ही पद्धत रूढ केली. आमच्या भागात तीस-चाळीस वर्षांनी उघडलेल्या बोर्डांत मला ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेले डाग, शेकड्याने सापडले आहेत. चांगला गुंडाळलेला वायर रॅप मात्र सैल झालेला क्वचितच दिसला. एकदा सोडवलेलं टोक पुन्हा कधीच गुंडाळू नका. कडांनी ते जागोजागी कुरतडलेलं असतं, तिथेच तुटतं. नवी तार घ्या.

मोठ्या, नावाजलेल्या यंत्रांत खरंच अशा हाताच्या जोडण्या होत्या का?

होत्या. क्रे-१ हा १९७६ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत गेलेला सुपरकॉम्प्युटर. त्याच्या पाठीमागचं तारांचं जाळं विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा फॉल्स गावात हाताने भरलेलं होतं आणि एकही तार चार फुटांपेक्षा लांब नव्हती. तार लांबली की सिग्नल उशिरा पोचतो, म्हणून यंत्राचा आकारच इंग्रजी सी अक्षरासारखा ठेवला, आतल्या बाजूला तारा आखूड राहाव्यात यासाठी. अमिगा कॉम्प्युटर जानेवारी १९८४ मध्ये निवडक लोकांना दाखवला तेव्हा त्याच्या खास चिप तयारच नव्हत्या. प्रत्येक चिपच्या जागी वायर रॅप केलेल्या बोर्डांची चळत उभी होती.

१९७२ मध्ये अटारी कंपनीच्या ॲलन अल्कॉर्न यांनी पाँग या व्हिडिओ गेमचा हाताने जोडलेला पहिला नमुना कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये ठेवला. काही दिवसांनी यंत्र बंद पडलं म्हणून निरोप आला. उघडून बघितलं तर सर्किट ठीक होतं, नाण्यांचा डबा गच्च भरल्यामुळे अडकलं होतं.

पण सोलापूरकराला सगळ्यात जवळचं वाटेल ते चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या कॉम्प्युटरचं. त्याची कायमची स्मृती अक्षरशः विणलेली होती. रेथिऑन कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅमच्या कारखान्यात बायका चुंबकीय गुणधर्माच्या बारीक कड्यांतून सुईसारख्या साधनाने तार ओवत. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. वॉल्थॅम हे मुळात कापडगिरणीचं आणि घड्याळांचं गाव. आपल्याकडे जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते: भोक असेल तिथे हूक उचलला जातो, नसेल तिथे नाही, आणि चादरीवर मोर उमटतो. विचार तोच आहे. इथल्या एका जुन्या मागवाल्या काकांना मी त्या स्मृतीचा फोटो दाखवला, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “चुकलं तर उसवायचं कसं?” तिथल्या लोकांचीही नेमकी तीच अडचण होती. एकदा विणलेला प्रोग्रॅम बदलणं फार वेळखाऊ काम होतं.

भारतात असं काही बनलं का?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा कॉम्प्युटर बनला. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये, पूर्ण यंत्र १९६० मध्ये चालू झालं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह आणि १२,५०० रेझिस्टन्स होते. बनवणारी मंडळी तरुण होती, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ कुणीही त्याआधी कॉम्प्युटर बनवलेला नव्हता.

सोलापुरात असे बोर्ड कुठे सापडतात?

चार जागा सांगतो. एक, घरातला माळा: वडील किंवा आजोबा रेडिओचं काम करत असतील तर नक्की. दोन, यंत्रमागाचे कारखाने. इथल्या फिटर लोकांनी मीटर मोजणारे, धागा तुटला की माग थांबवणारे, रंगाच्या हौदाचं तापमान धरणारे बोर्ड स्वतः जोडलेले आहेत, कारण बाहेरून आलेलं यंत्र बिघडलं की माणूस पुण्या-मुंबईहून येईपर्यंत माग थांबवणं परवडायचं नाही. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या, तिथलं बरंच काही भंगारात गेलं असणार याची मला आजही हळहळ वाटते. तीन, कॉलेजांच्या प्रयोगशाळा: ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटला जोडायला मुलांनी केलेले ट्रॅफिक सिग्नलचे, लिफ्टचे बोर्ड. चार, लाऊडस्पीकरवाले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आणि गणपतीत वाजलेले कित्येक अँप्लिफायर टूएन ३०५५ ट्रान्झिस्टर आणि हायलमच्या पट्टीवर इथेच जोडलेले होते. लहान सेटांत टीबीए ८१० आणि एसएल १०० हमखास.

सापडला, आता पहिलं काय करू?

टेबलावर पांढरा कागद पसरा, बोर्ड त्यावर ठेवा, खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. मग चारही कोपऱ्यांतून तिरपे घ्या, कारण सरळ वरून घेतलेल्या फोटोत खालच्या तारा लपतात. डब्यातली चिठ्ठी, तुटका भाग, सुटा स्क्रू काहीही टाकू नका.

हिरवी-निळी बुरशी धरलेली बॅटरी दिसली तर ती मात्र त्याच दिवशी कापून काढा. निकेल-कॅडमियमची बॅटरी गळते आणि तिचा क्षार तारेच्या इन्सुलेशनच्या आतून वर चढत जातो. व्हिनेगरात बुडवलेल्या कापसाने पुसा, मग पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

तारांचं जाळं कागदावर कसं उतरवायचं?

सावकाश, आणि एका दिवसात नाही. मी असं करतो: प्रत्येक आयसीला नंबर देतो, आणि वहीत दोन रकाने, कुठून आणि कुठे. मल्टीमीटर कंटिन्युटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवायचा, पण जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या बोर्डावर फक्त बीपवर विसंबू नका, आकडा बघा. कमी ओहमची कॉइलसुद्धा बीप देते.

आधी सप्लाय आणि ग्राउंड काढून घ्या. अर्ध्या तारा त्यातच संपतात आणि उरलेलं जाळं एकदम विरळ दिसायला लागतं. मग एकेक तार. डोळ्यांनी माग काढताना तार चिमट्याने हलकेच हलवा, दुसरं टोक थरथरतं. झालेल्या तारेवर वहीत टिक. रंगांवर विश्वास ठेवू नका. लाल संपला म्हणून पिवळा वापरलेला असतो, घरच्या टेलिफोन केबलच्या तारा असतात. शेवटी जी तार कुठल्याच तर्कात बसत नाही ती खोडू नका, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. बनवणाऱ्याला आलेली अडचण बहुतेक वेळा त्या तारेतच असते.

वायरिंग गचाळ आहे. भाग तेच ठेवून नीटनेटकं करून घेतलं तर?

करू नका. मी केलं होतं.

अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यातून पिक, म्हणजे कापडातले आडवे धागे, मोजायचा काउंटर आला होता. मागाच्या शाफ्टवर लोहचुंबक, समोर रीड स्विच (चुंबक जवळ आला की लागणारा), आणि झिरो पीसीबीवर मोजणी करणारे चार ७४९० आयसी. बिघाड छोटा होता, रीड स्विच गेला होता. पण आतलं काम बघून मला राहवलं नाही. प्रत्येक आयसीच्या पोटावरून एक चकतीसारखा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आडवा टाकलेला, आणि प्रत्येक आयसीपासून ग्राउंडची जाड तार वेगवेगळी थेट सप्लायच्या टर्मिनलपर्यंत नेलेली. मी कंडेन्सर काढून कडेला एका रांगेत लावले, ग्राउंडच्या चार तारांची एक केली, बंडल बांधलं. टेबलावर बिनचूक मोजलं.

मागावर लावल्यावर शेजारच्या मागाची मोटर सुरू झाली की आकडा वीस-तीसने उडी मारायचा. दोन दिवस मी रीड स्विच, शिल्डची वायर, सप्लाय सगळं बदलून पाहिलं. मग काम सुरू करण्याआधी काढलेला फोटो उघडला. ७४९०च्या सप्लायच्या पिना कोपऱ्यात नसतात, पाच आणि दहा नंबरला, मध्यावर असतात. त्या फिटरने कंडेन्सर पोटावरून टाकला होता तो सगळ्यात आखूड रस्ता होता म्हणून, आणि चार तारा वेगळ्या नेल्या होत्या एकाचा धक्का दुसऱ्याला लागू नये म्हणून. सगळं होतं तसं परत केलं आणि उड्या थांबल्या. त्या माणसाला मी भेटलेलो नाही, पण त्याच्याकडून जे शिकलो ते विसरणं शक्य नाही.

एकदा प्लगला लावून बघायला काय हरकत आहे?

जीव जाऊ शकतो, ही हरकत आहे. व्हॉल्व्हच्या काही रेडिओत मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, २३० व्होल्टची एक तार थेट चेसिसला असते. व्हॉल्व्हचे नंबर यू अक्षराने सुरू होत असतील तर तसा संशय धराच. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेन्सपासून वेगळं ठेवणाऱ्या) उघडा चालवू नका.

बाकीच्यांना आधी सिरीज बल्ब लावा, म्हणजे सेटकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत एक बल्ब जोडा, ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालणार नाही. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बंद केल्यावरही मोठे कंडेन्सर भरलेले राहतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय सोडा, काही वॅटचा, पाच-दहा किलोओहमचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड चिमट्यांनी लावून रिकामे करा आणि मीटरने खात्री करा.

कोणते भाग बदलावेत?

मेण लावलेले कागदी कंडेन्सर आणि जुने इलेक्ट्रोलिटिक, बस्स. काढलेले भाग पाकिटात घालून बोर्डासोबत ठेवा. एएफ ११४ ते एएफ ११७ हे ट्रान्झिस्टर मेलेले दिसतील. त्यांच्या डब्याच्या आत कथिलाचे केस वाढून शॉर्ट होतो. शिल्डची चौथी तार तोडल्यावर बरेचदा ते पुन्हा चालतात, म्हणून आधी ते करून बघा. कथील ६०:४० चंच वापरा, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा, त्यात शिसं आहे.

सोलापूरच्या हवेत हे जपायचे कसे?

कोरडी हवा आपल्या फायद्याची आहे. त्रास आहे धुळीचा आणि कापसाच्या तुसांचा. मागाजवळ राहिलेल्या बोर्डावर तुसांची गादी बसलेली असते, पावसाळ्यात ती ओल धरते आणि पिनांमध्ये गळती सुरू होते. रंगाच्या मऊ ब्रशने काढा. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यासोबत तेल आणि पाणी येतं. चादरीत किंवा टॉवेलात गुंडाळून ठेवणारे पुष्कळ आहेत, पण टॉवेलाचे फासे वायर रॅपच्या पिनांत अडकून तारा ओढल्या जातात. कागद, मग पुठ्ठ्याचा खोका. आयसीखाली काळा फोम असेल तर फेकून द्या, तो कुजून पिना खातो.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. आणि काचेची खिडकी असलेली एप्रॉम चिप असेल तर तिच्यावरचं स्टिकर कधीही सोलू नका. थेट उन्हात आठवडाभरात आतला प्रोग्रॅम पुसला जातो.

स्वतः असा बोर्ड बनवायचा आहे. सुरुवात कशाने करू?

झिरो पीसीबी, २५ वॅटचं आयर्न, ५५५ आयसी आणि एक एलईडी. लुकलुकला की तोच बोर्ड वाढवत न्या. पहिल्यापासून वहीत लिहा, आणि बदल केला की त्याच दिवशी वहीतही करा. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख घाला.

बोर्ड कुणी बनवला ते कळू शकतं का?

कधीकधी. हायलमच्या कडेला पेन्सिलीने आद्याक्षरं असतात, ट्रान्सफॉर्मरवर चिकटवलेल्या कागदावर वळणदार अक्षरात वेढ्यांचा हिशेब असतो. काही नसलं तरी हात ओळखता येतो: तार कानात आधी हुकासारखी वळवून मगच डाग देणारा एक, तारेवर स्लीव्हची नळी नेहमी हिरवीच घालणारा दुसरा. माझ्याकडे मंगळवार पेठेतून आलेल्या तीन वेगवेगळ्या अँप्लिफायरमध्ये बंडल बांधायला दोऱ्याऐवजी चादरीचं सूत वापरलेलं आहे, तिन्हींत गाठ एकच आहे, आणि ती विणकराची गाठ आहे. तशी गाठ तुमच्याकडच्या एखाद्या सेटमध्ये दिसली तर तारांना हात न लावता आधी फोटो काढून मला पाठवा.